प्रेमानंदचा शेवटचा शब्द

प्रशिकनं रिमोटकडे हात टाकला, पण चारुलतानं तो आधीच उचलून मांडीखाली सरकवला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "कोण आहे हा, पाहू तं दे."

टीव्हीवरचा आधीचा कार्यक्रम संपून पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला होता. काळ्या पडद्यासमोर एक पोरगा माईक घेऊन उभा होता. दाढी राखलेली, ढगळ शर्ट, पायात पांढरे बूट. ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला, आणि मग तिचा चेहराच उजळला.

"अवं मिनल, हा तं आपला बंटी."

मिनलनं मान वर केली नाही. ती पायाच्या नखांकडे पाहत होती. प्रशिक उठून पाणी प्यायला गेला आणि स्वयंपाकघरातच थांबला. चारुलताच्या ते ध्यानातही आलं नाही. तिनं आवाज वाढवला.

मुलांबरोबर बसून स्टँडअप पाहायची ही तिची दर रविवारची रीत तशी नवीनच होती. पेपरच्या पुरवणीत एका बाईंनी लिहिलं होतं की मोठी मुलं असले कार्यक्रम पाहणारच, तुम्ही नाही म्हणालात तर कानात इअरफोनची बोंडं घालून पांघरुणात पाहतील. त्यापेक्षा त्यांच्याशेजारी बसा, एखादी शिवी आली म्हणून उठून जाऊ नका, आणि नंतर सहज विचारा, यात तुला हसू कशाचं आलं. चारुलताला ते पटलं होतं. नवरा, प्रेमानंद, गेल्यापासून घरात हसणं कमी झालं होतं, आणि जे होतं ते दोन मुलांच्या दोन मोबाइलमध्ये कोंडलेलं होतं. म्हणून तिनं रविवारी जेवण झाल्यावर टीव्हीवरच लावायचं ठरवलं. सुरुवातीला तिघंही अवघडून बसत. एखादा चावट विनोद आला की तिघांच्या नजरा टीव्हीच्या मागच्या भिंतीवर जात. मग हळूहळू सवय झाली. वीस वर्षांची मिनल आईला शब्द समजावून सांगू लागली, आणि प्रशिक तर कधीकधी आईच्या हसण्यालाच हसायचा.

टीव्हीवर बंटी सांगत होता, "माझी एक काकू आहे. बसस्टँडवर अनाउन्समेंट करते. घरीसुद्धा तशीच बोलते. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, वरण-भात स्वयंपाकघरातून सुटत आहे."

चारुलता खदखदून हसली. आवाज हुबेहूब तिचा होता. बावीस वर्षं ती नागपूरला गणेशपेठच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारत होती. बंटी लहान असताना तिच्या ओढणीला धरून त्या खोलीत यायचा आणि टेबलाखाली बसून तिच्यामागून गाड्यांची नावं पुटपुटायचा. तो शेजारचा पोरगा. खरं नाव जितेंद्र. आई लवकर गेलेली, बाप वाडीच्या गोदामांतून ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. पहिलीत असल्यापासून कॉलेज संपेपर्यंत तो यांच्याकडेच जेवला, यांच्याकडेच झोपला. 'बंटी' हे नाव प्रेमानंदनं ठेवलेलं.

"आणि काका," टीव्हीवरचा बंटी म्हणाला. "काका अडखळायचे. काकांनी वाक्य सुरू केलं की आम्ही शाळेत जायचो. परत आलो की वाक्य संपत आलेलं असायचं."

लोक हसले. चारुलताही हसली, थोडी कमी. मग बंटीनं काकांचा आवाज काढला, आणि तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं. शब्दाच्या आधी घशातून येणारा तो बारीक हुंकार, पुढे ताणलेली मान, मांडीवर ताल धरणारी दोन बोटं. त्या काळ्या पडद्यासमोर क्षणभर प्रेमानंदच उभा राहिला.

"काका शेवटी आजारी पडले," बंटी सांगत होता. "घरीच ऑक्सिजन लावलेला. सगळे गोळा झाले. काकांनी डोळे उघडले. म्हणाले, बं... बं... आता सगळे विचार करून राहिले की ह्यांना म्हणायचं काय आहे. काकू म्हणाली, बंद करा म्हणून राहिले का? अन् केला ना गा ऑक्सिजन बंद." टाळ्या पडल्या. त्यानं टाळ्या ओसरू दिल्या. "काकांना म्हणायचं होतं, बंडी द्या. थंडी वाजत होती."

सगळं सभागृह हसून आडवं झालं. चारुलताच्या चेहऱ्यावर आधीचं हसू अजून शिल्लक होतं. ते पुसायला तिला हात तोंडाकडे न्यावा लागला.

---

प्रेमानंद कामठीला यंत्रमागांवर मेकॅनिक होता. ते काम त्यानं धरलं, कारण मागांच्या खडखडाटात कोणी कोणाशी बोलतच नाही, सगळा कारभार खुणांनी चालतो. सुताच्या धुळीनं पुढे त्याची छाती धरली. बाहेर त्याच्या वाक्याचा शेवट नेहमी दुसरंच कोणीतरी करायचं; दुकानदार, पाहुणे, घाईत असली की चारुलतासुद्धा. एकटा बंटी तसं करत नसे. तो काकांच्या तोंडाकडे पाहत थांबायचा, कितीही वेळ लागो. प्रेमानंद म्हणायचा, हे पोरगं मला पूर्ण बोलू देतं.

आणि तो गेला ती सकाळ अशी होती. जानेवारीचा महिना. दम लागायचा म्हणून त्याला थंडीतही पंखा लागे. त्या दिवशी मात्र तो पंख्याकडे बोट दाखवून "बं... बं..." म्हणू लागला. मिनल शेजारीच होती. तिनं उठून पंखा बंद केला. त्यानं मान हलवली, डोळे मिटले आणि तासाभरात तो गेला. प्रशिक दहावीच्या पूर्वपरीक्षेला शाळेत होता; त्याला आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बंटीला चारुलतानं त्या आठवड्यात दोनदा फोन केला होता. एकदा त्यानं उचलला नाही, एकदा म्हणाला, काकू, शो आहे, संपला की निघतो. तो तिसऱ्या दिवशी आला, तासभर बसला आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. तेवढ्यात शेजारच्या रुखमाबाईनं त्याला सांगितलं होतं की काकांचा शेवटचा शब्द 'बं'वरच अडकला. पुढचं तिलाही ठाऊक नव्हतं. बंटीनं पुढचं आपल्या मनानं लावलं.

टीव्ही बंद करून चारुलतानं मुलांना एवढंच विचारलं, की तुम्हाला हे ठाऊक होतं का. मिनल म्हणाली, दिवाळीपासून. तिनं बंटीला संदेश पाठवला होता. त्यानं हसरा चेहरा पाठवून लिहिलं होतं, प्रेमानं केलंय गं मिनू. प्रशिक स्वयंपाकघरातून बाहेर आला. मग दाराच्या चौकटीला टेकून, खाली पाहत त्यानं सांगितलं की क्लासमधल्या सगळ्या पोरांनी ते पाहिलंय. ते त्याच्या बाबांबद्दल आहे हे कोणाला माहीत नाही. पोरं हसली तेव्हा तोही हसला होता. नसता हसला तर काहून हसला नाही असं विचारलं असतं.

बंटीच्या विनोदानं जे केलं नव्हतं ते त्या वाक्यानं केलं. चारुलताला बंटीचा राग आला आणि तो निवला नाही.

तिनं बंटीला फोन केला. त्यानं लगेच उचलला, आवाजात तीच जुनी माया. लोकांना काका फार आवडतात, लोक भेटून विचारतात की काका खरेच होते का, असं तो कौतुकानं सांगत राहिला. ती म्हणाली, ते काढून टाक. तो म्हणाला, पाहतो काकू. तिनं वाट पाहिली. व्हिडिओ गेला नाही. उलट होळीच्या सुमारास दुसरा आला. त्यात काका स्वर्गाच्या दारात आपलं नाव सांगत होते आणि रांग अडली होती.

त्यानंतरही रविवारचा कार्यक्रम चालूच राहिला. मुलांना वाटलं, आई सावरली. पण आता चारुलता हसायला बसत नव्हती. शिकारी जनावराच्या वाटा पाहतो तशी ती पाहत होती. स्टेजवरच्या माणसाला घाम कधी फुटतो, तो पाण्याची बाटली कधी उचलतो, समोरच्यांशी का बोलतो, हे ती मिनलला खोदून खोदून विचारायची. बंटीचं सगळं तिनं पाहून काढलं. तो लहानपणी अंथरूण ओलं करायचा, हे तिच्या मनात पहिल्यांदा आलं. पाहते तर त्यानं स्वतःच ते स्टेजवर सांगितलेलं. देवकी नावाच्या मुलीनं त्याची चिठ्ठी वर्गात मोठ्यानं वाचली होती, तेही सांगितलेलं. बाप पिऊन गटारात पडला, तेही. स्वतःची सगळी लाज त्यानं आधीच चव्हाट्यावर मांडून ठेवली होती. आता कोणी ती उघडी करतो म्हटलं तरी उघडं करायला काही उरलं नव्हतं.

"अशा माणसाच्या मनाले लागते तरी काय?" तिनं एकदा मिनलला विचारलं.

मिनलनं अभ्यासातून मान वर न करता सांगितलं, "शिव्या दिल्या तं तो तिथल्या तिथं तुह्यावरच जोक करते. लोक हसलेच नाहीत, तं मात्र मरते तो."

मे महिन्यात जाहिरात आली. जितेंद्र म्हणजे बंटी नागपुरात येणार होता. आपल्या गावात पहिला मोठा प्रयोग, रविवारी दुपारी चारला, सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहात. चारुलतानं प्रशिकला पहिल्या रांगेतल्या तीन जागा घ्यायला लावल्या. पहिली रांग नको, असं मिनल परोपरीनं सांगत होती. तिथल्यांशीच तो बोलतो, तिथल्यांचीच उडवतो. चारुलता म्हणाली, म्हणूनच. तिचा बेत साधा होता. तिघांनी त्याच्या डोळ्यांसमोर बसायचं आणि हसायचं नाही. काकांचा विनोद सुरू झाला की उठायचं आणि सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेनं चालत बाहेर जायचं. प्रशिकनं मान डोलावली. मिनलनं विचारलं, यानं काय होईल?

---

जरीपटक्यातल्या घरून तिघं मेट्रोनं गेली. बाहेर ऊन अंगावर येत होतं आणि आत सभागृहात इतका गारवा की चारुलतानं पदर खांद्यांवरून ओढून घेतला. आजूबाजूला बहुतेक सगळी मिनलच्या वयाची पोरं होती. काहींनी काळे टी-शर्ट घातले होते, त्यांवर पांढऱ्या अक्षरांत 'बं... बं...' छापलेलं होतं. प्रशिकनं ते आईच्या आधी पाहिलं आणि तिच्या डाव्या बाजूला बसला, म्हणजे मधे तो येईल. पण तिनं पाहिलं.

बंटी आला तेव्हा टाळ्या थांबेनात. सुरुवातीला तो पुण्यातल्या घरमालकांबद्दल बोलला, मग लग्नाबद्दल, मग अशा एका गोष्टीबद्दल, की चारुलता, मिनल आणि प्रशिक तिघंही सरळ समोर पाहत बसली, जणू तिघांची आपसांत ओळख नाही. चारुलता हसली नाही. खरं तर दोनदा हसू आलं होतं. तिनं दातांनी गालाचं मांस आतून धरून ठेवलं.

मग प्रकाश जरा पुढे सरकला आणि बंटीची नजर पहिल्या रांगेवरून फिरत आली. तिच्यावर येऊन थांबली. तिला वाटलं होतं तो चपापेल. पण त्याचं तोंड शाळेतून आल्यावर व्हायचं तसं झालं, आणि तो माईकमध्ये न बोलता म्हणाला, "काकू?"

तो पायऱ्या उतरून खाली आला, तिच्या पाया पडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कोणीतरी शिट्टी मारली. "ही तीच," बंटी लोकांना सांगू लागला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. खरी काकू. मला वाढवलं हिनं." त्याचे डोळे ओले झाले होते आणि ते खोटं नव्हतं, हे चारुलताला दिसत होतं. तेच तिला जास्त खुपलं. उठून चालत जायचं कसं, आता ती त्याच्या खेळातच उभी होती. त्यानं दुसरा माईक मागवून तिच्या हातात दिला.

"काकू, ह्या लोकांना वाटते मी काका मनानंच बनवले. तू सांग. काका होते का नाही? अन् शेवटी 'बं बं' म्हणाले का नाही?"

मागून काळ्या टी-शर्टवाल्यांनी एका सुरात "बं... बं..." सुरू केलं. सगळं सभागृह त्यात मिसळलं. प्रशिकनं मान खाली घातली होती, त्याचे कान लाल झाले होते. चारुलतानं आपल्या पोराच्या त्या कानांकडे पाहिलं. मग माईक हनुवटीच्या जरा खाली धरला, बावीस वर्षं धरला होता तसा.

"हाव," ती म्हणाली. "होते. अन् म्हणालेही."

लोक हसले. बंटी हसला.

"माह्या मांडीवर डोकं होतं त्यांचं. सकाळपासून म्हणून राहिले होते, बं... बं... दरवाजाकडं पाहत." कोणीतरी हसलं, बाकीचे थांबले होते. "बंद नाही अन् बंडी नाही. ते तुले बोलावून राहिले होते, बंटी."

गाडी किती वाजता सुटणार हे सांगावं तितक्याच सरळ आवाजात ती बोलत होती.

"मी तुले फोन लावला. तू उचलला नाही. मग मी त्यांले सांगितलं, बंटी रस्त्यात आहे, येऊन राहिला. त्यांनी मान हलवली अन् वाट पाहत राहिले. तुले हे सांगितलं नव्हतं, कारण तुले पुढं जगायचं होतं. तू इचारलं म्हणून सांगितलं. कर आता तुहा पुढचा जोक."

हे खोटं होतं. बोलण्याआधी तिला ते ठाऊक होतं, बोलतानाही ठाऊक होतं. प्रत्येक वाक्यागणिक बंटीच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली, ती ते पाहत होती आणि तिला बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांचा राग निवत होता. तिनं माईक त्याच्या हातात दिला आणि खाली बसली. उजवीकडे मिनल बसली होती. मिनलनं तिच्याकडे वळून पाहिलं, आणि पाहतच राहिली.

सभागृहात एअर कंडिशनरची घरघर ऐकू येत होती. बंटी स्टेजवर गेला. "तर," तो म्हणाला आणि थांबला. बाटली उचलली, पाणी प्यायला. गाडीच्या पार्किंगबद्दल काहीतरी सुरू केलं. दोघंतिघं दयेनं हसली, ते आणखी वाईट झालं. पुढच्या विनोदाचा शेवट तो विसरला. मग त्यानं हात जोडले, "धन्यवाद नागपूर" म्हणाला आणि पडद्याआड गेला. लोक खुर्च्यांतून हळूहळू उठले, कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. चारुलता शेवटपर्यंत बसून राहिली. उठून जायची तिला आता गरज नव्हती.

बाहेर वाहनतळाशी बंटी तिची वाट पाहत उभा होता. एकटाच. ऊन उतरलं होतं, पण डांबरातून अजून झळ येत होती. प्रशिक पाणी आणायला गेला होता. मिनल आईच्या मागे दोन पावलांवर होती.

"काकू," तो म्हणाला. "खरंच?"

चारुलता थांबली. हे तिथंच मिटवता आलं असतं. त्याची नजर तिला पाठ होती. ताप आला की तो असाच पाहायचा आणि ती त्याच्या कपाळावर हात ठेवायची.

"खरं," ती म्हणाली.

"किती वेळ बोलावलं त्यांनी?"

"जीव जाईपर्यंत."

तो तिथंच एका गाडीला टेकून खाली बसला. पांढऱ्या बुटांच्या नाड्यांशी बोटं चाळवत राहिला. चारुलता त्याला वळसा घालून रस्त्याला लागली. मिनल क्षणभर त्याच्यापाशी रेंगाळली, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण आईनं हाक मारली तशी निघून आली.

---

परतीच्या मेट्रोत मिनल दारापाशी उभी राहिली. प्रशिक आईशेजारी बसला. बराच वेळ तो पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता. मग म्हणाला, "आई, बाबांनी माहं नाव घेतलं होतं का?"

चारुलताला पहिल्यांदा प्रश्नच समजला नाही.

"म्हणजे, बंटीदादाच्या आधी," तो म्हणाला. "किंवा नंतर."

समोरच्या काचेत तिला मिनल दिसत होती. मिनल काचेतूनच तिच्याकडे पाहत होती. डबा भरलेला होता. चारुलताला वाटलं, आता खरं सांगितलं तर उद्यापर्यंत ते बंटीपर्यंत जाईल. प्रशिकच्या पोटात काही राहत नाही; त्याला कोणाचं दुःख बघवत नाही. आणि बंटीला सुटका मिळायला नको होती. निदान आज नको.

"तू परीक्षेले गेला होता," ती म्हणाली. "त्यांले माहीत होतं ते."

प्रशिकनं मान हलवली आणि झाकण घट्ट लावलं.

त्या रात्री अंथरूण घालताना मिनल एवढंच म्हणाली, "पंखा मी बंद केला होता, आई." चारुलता म्हणाली, माहीत आहे.

आठवड्याच्या आत दोन्ही व्हिडिओ नाहीसे झाले. बंटीनं काकांबद्दल पुन्हा कधी काही केलं नाही. मिनल म्हणाली की त्यानं पुढचे सगळे प्रयोगही रद्द केलेत. त्याचे फोन येत राहिले. चारुलतानं उचलले नाहीत. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून ती वर्धा, हिंगणघाट, काटोल पुकारायची आणि मधेच तिला वाहनतळावर खाली बसलेला बंटी दिसायचा. तिला त्याची कीव येत नसे. मनासारखं झालं होतं.

फक्त एकदा दुपारच्या सुट्टीत तिनं मोबाइलवर तो जुना व्हिडिओ शोधला. का ते तिला सांगता आलं नसतं. प्रेमानंदनं जन्मात कधी स्वतःचा आवाज कुठं भरू दिला नव्हता, लग्नाच्या चित्रफितीतसुद्धा तो नुसता हसतो. सगळीकडे शोधलं. तो बारीक हुंकार कुठंच उरला नव्हता.

घरात प्रशिक बदलला होता. रविवारी टीव्ही लावला तर तो अभ्यासाचं निमित्त काढून आत जायचा. आईशी नीट बोलायचा, सांगितलेलं काम करायचा. त्यात काही खोट काढता आली नसती. एकदा मिनलनं सांगितलं, की तो बंटीशी फोनवर बोलतो. काय बोलतो? तर काही नाही, बाबांबद्दल विचारत असतो. बाबा तुझ्याशी काय काय बोलायचे, तुला कुठं न्यायचे. बंटी सांगतो आणि हा ऐकत बसतो.

त्या दिवशी चारुलतानं पहाटेची पाळी बदलून घेतली. प्रशिकला जेवायला वाढलं आणि समोर बसली. मिनललाही बसवलं.

"बाबा बंटीले बोलावून नव्हते राहिले," ती म्हणाली. "पंखा बंद करा म्हणून राहिले होते. थंडी वाजत होती त्यांले. मी त्या दिवशी खोटं बोलली. मले बंटीचा राग होता."

प्रशिकनं घास तोंडाशी नेता नेता थांबवला. आईकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. एखाद्या थकलेल्या माणसाला समजून घ्यावं तसा तो पाहत होता.

"असू दे, आई," तो म्हणाला. "मले बरं वाटावं म्हणून नको सांगू."

"अरे, खरंच. मिनलले इचार."

"मीच उठून बंद केला," मिनल म्हणाली. "माह्या हातानं."

तो बहिणीकडे पाहून जरासा हसला. "तू पण," म्हणाला.

पुढे चारुलता पुष्कळ बोलली. कोणता महिना, कोणती खाट, पंख्याचं बटण कसं अडकत असे, सगळं सांगितलं. जितकं जास्त सांगत गेली तितकं ते जुळवल्यासारखं वाटू लागलं, तिला स्वतःलासुद्धा. प्रशिकनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग ताट उचललं, घासून पालथं घातलं, दप्तर खांद्याला लावलं आणि सायकल काढली.

चारुलता दारात येऊन उभी राहिली. गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना तो मागे न पाहता एक हात वर करायचा, लहानपणापासूनची सवय. कोपरा आला. तो दोन्ही हात हँडलवर ठेवून वळला, आणि रस्ता रिकामा झाला तरी ती तिथंच उभी होती.